नावेची मोटर घेण्याआधी बॅटरीचा हिशेब मांडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भोपाळच्या मोठ्या तलावावर डिझेल-पेट्रोलवर चालणाऱ्या नावा थांबवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला. आपल्या यशवंत सागरचं पाणी इंदूरकर पितात, शिवाय २०२२ पासून ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. अशा पाण्यावर तेलाचा तवंग कुणालाच नको. त्यामुळे गांधी सागर, इंदिरा सागर किंवा चोरलसारख्या जलाशयांवर मासेमारी करणाऱ्यांचं लक्ष विजेच्या छोट्या मोटरीकडे, म्हणजे ट्रोलिंग मोटरकडे, वळणं साहजिक आहे. मोटर चांगलीच आहे. पण ती ज्या पद्धतीने विकली आणि घेतली जाते, त्यात गरीब मच्छीमाराचे पैसे बुडतात. आम्ही मोटरी आणि बॅटऱ्यांच्या कामातले लोक आहोत, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा द्यावी ही विनंती.

पहिली चूक होते ती दुकानातच. गिऱ्हाईक विचारतं, “किती एचपीची आहे?” आणि दुकानदार काहीतरी आकडा सांगून मोकळा होतो. ट्रोलिंग मोटर एचपीत मोजत नाहीत, रेट्यात मोजतात. इंग्रजी ‘थ्रस्ट’ म्हणजे पंखा नावेला जितक्या जोराने ढकलतो तो रेटा, आणि तो पौंडात सांगतात : ३०, ४०, ४५, ५५, ८०. ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात १२ व्होल्टवर साधारण ५० अँपिअर ओढते, म्हणजे ६०० वॅट. ७४६ वॅटचा एक एचपी धरला तर ही मोटर एका एचपीलाही पुरी पडत नाही. तिच्यावर ‘दोन एचपी’ लिहिलेलं दिसलं तर तो डबा खाली ठेवावा.

किती रेटा लागेल याचा ठोकताळा सोपा आहे : एकूण वजनाच्या दर १०० किलोला साडेचार पौंड. फक्त ‘एकूण’ या शब्दात काहीही सुटता कामा नये. १४ फुटी फायबरची नाव १५० किलो, तीन माणसं २१० किलो, ओलं जाळं ४० किलो, बर्फाची पेटी आणि मासळी ७० किलो, बॅटरी ३० किलो, मोटर १२ किलो. बेरीज ५१२ किलो, म्हणजे हिशेबाने २३ पौंड. आता यावर कुणी ३० पौंडांची मोटर घेतली, तर वारा पडलेला असेल तोवर ती चालेल. पण माळव्यात मे-जूनमध्ये दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा काय? बसलेली माणसं आणि नावेची बाजू मिळून दोन चौरस मीटर आडोसा वाऱ्याला मिळतो असं धरा. ताशी ३० किलोमीटरचा वारा त्यावर अंदाजे १९ पौंडांचा दाब टाकतो, ताशी ४० चा वारा ३३ पौंडांचा. म्हणजे ३० पौंडांची मोटर वाऱ्याला तोंड देण्यातच संपली. नाव पुढे न्यायला तिच्याकडे काही उरत नाही. म्हणून हिशेबाच्या दुप्पट रेटा घ्यावा. वरच्या नावेला ४५ पौंड किमान, गांधी सागरसारख्या उघड्या पाण्यावर ५५.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ३० ची मोटर काढून ५५ ची लावली म्हणून नाव दुप्पट पळत नाही. दोन्हींच्या पंख्याचे फेरे आणि पात्यांचा पीळ जवळपास सारखाच असतो, त्यामुळे शांत पाण्यात दोन्हींचा कमाल वेग ताशी ६-७ किलोमीटरच्या आसपास राहतो. जास्त रेट्याने ओझं पेलतं, वाऱ्यात नाव सरळ राहते, जागेवरून लवकर उचलते. वेग हवा असेल तर ही मोटर तुमच्यासाठी नाही. आणि हे स्पष्टच सांगायला हवं की इंदिरा सागरच्या रुंद पात्रात दहा-बारा किलोमीटर आत जाऊन परत येण्याचं काम हिच्याकडून करून घेऊ नये. काठापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत जाळी टाकणं-काढणं, गळाची मासेमारी, खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्यात हळूहळू फिरणं, यासाठी ती उत्तम.

आता बॅटरी. मोटर कुठलीही घ्या, खरेदीचा मोठा भाग बॅटरी आहे, आणि फसगतही इथेच होते.

गाडी सुरू करायची बॅटरी काही सेकंद भरपूर करंट द्यायला बनवलेली असते; तास-दीड तास रिकामी होत राहणं तिला मानवत नाही. पन्नासेक फेऱ्यांत तिच्या पातळ पट्ट्या झडू लागतात. दुसरी सोय म्हणून लोक घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी नावेत ठेवतात. तिच्यावर लिहिलेले १५० अँपिअर-तास हे २० तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने काढले तर मिळतात. ५० अँपिअरने ओढली की ती त्यातले बरेच कमी देते. शिवाय वजन पन्नास किलोच्या पुढे, उंची जास्त, आणि नाव कलली की बुचातून तेजाब सांडतं. फायबरला तेजाब फार काही करत नाही, पण लोखंडी पत्र्याची नाव आणि जाळ्याच्या दोरीचं नुकसान होतं, आणि पायाला भाजतं ते वेगळं. ई-रिक्षातून उतरवलेल्या जुन्या बॅटऱ्या स्वस्त मिळतात खऱ्या. पण त्या उतरवल्या गेल्या त्या दम गेला म्हणूनच.

शिसं-तेजाबाचीच घ्यायची तर डीप सायकल, म्हणजे पुन्हापुन्हा खोलवर उतरवण्यासाठी बनवलेली, बंद प्रकारची घ्यावी आणि तिची निम्मीच क्षमता आपली समजावी. १०० अँपिअर-तासांची असेल तर ५० वापरायचे. त्याखाली सारखी उतरवली तर आयुष्य झपाट्याने घटतं. मोटर बंद करून तास-दोन तास बॅटरी निवांत राहू द्या, मग मीटर लावा : १२.६ किंवा १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेलेली म्हणजे आपण तिला दुखावलं आहे. मोटर चालू असताना घेतलेलं वाचन यासाठी उपयोगाचं नाही, तेव्हा व्होल्टेज खाली दिसणारच.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे बाजारात ज्याला एलएफपी म्हणतात, ती महाग पडते. पण १०० अँपिअर-तासांतले ८० निर्धास्त वापरता येतात, वजन शिशाच्या निम्म्याहून कमी असतं आणि ती कितीतरी जास्त फेऱ्या टिकते. रोज पाण्यावर जाणाऱ्याला दोन-तीन वर्षांत तीच स्वस्त पडते असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र घेताना तीन गोष्टी कागदावर मागाव्यात. आत चार सेल आहेत ना, म्हणजे १२.८ व्होल्ट? तिचा बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट, सलग किती अँपिअर देतो? मोटर ५० ओढत असेल तर बीएमएस १०० चा हवा. ५० चा घेतला तर वाऱ्यात पूर्ण वेग दिला की तो बंद पडेल. आणि चार्जर एलएफपीचाच आहे का, १४.६ व्होल्टवर थांबणारा? शिशाच्या बॅटरीच्या काही चार्जरांत ‘जुनी बॅटरी सुधारण्याची’ सोय असते. ती १५ व्होल्टच्या वरचे झटके देते आणि त्याने लिथियमचं नुकसान होतं.

एलएफपीचा एक स्वभाव मच्छीमाराला आधीच सांगून ठेवायला हवा. शिशाची बॅटरी थकत आली की मोटर हळूहळू मंदावते, माणूस सावध होऊन काठाकडे वळतो. एलएफपीचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग बीएमएस एका क्षणात वीज तोडतो. काही सूचना न देता, पाण्याच्या मध्यावर. म्हणून साध्या व्होल्टमीटरवर विसंबू नये, शंटचा मीटर बसवावा, जो किती अँपिअर-तास खर्च झाले ते दाखवतो. त्याची किंमत बॅटरीच्या मानाने किरकोळ आहे. वापरायच्या अँपिअर-तासांतले निम्मे खर्च झाले की परत फिरायचं, हा नियम नावेवरच्या प्रत्येकाला माहीत हवा. जाताना वारा पाठीला असेल तर निम्म्याच्या आधीच फिरावं, कारण परतीला तोच वारा तोंडावर असतो आणि नावेत मासळीचं वजनही वाढलेलं असतं.

किती वेळ चालेल? ५५ पौंडांची मोटर, १०० अँपिअर-तासांची एलएफपी, पूर्ण वेग : ८० भागिले ५०, म्हणजे दीड तासाच्या थोडं वर. तीच मोटर १५ अँपिअरवर चालवली तर पाच तास. वेग मात्र तिप्पट घटत नाही, निम्म्याहून वरच राहतो. पाणी वेगाला फार महागडं उत्तर देतं : थोडं जोरात जायचं म्हटलं की वीज कितीतरी पट जाते. हा फायदा घ्यायचा असेल तर मोटरीचा वेग-नियंत्रक पाहून घ्या. पाच टप्प्यांची साधी मोटर कमी वेगावर उरलेली वीज तारेच्या वेटोळ्यात गरम करून पाण्यात सोडते. पीडब्ल्यूएम नियंत्रक वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवतो, त्यामुळे त्याची मोटर लागेल तेवढीच वीज घेते. पूर्ण वेगात दोन्ही सारख्याच. फरक सगळा मंद वेगात आहे, आणि मासेमारीचा बहुतेक वेळ मंद वेगातच जातो. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

सौर पॅनेलबद्दलही विचारणा होते. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवसात २५ ते ३० अँपिअर-तास देतं. पूर्ण वेगातली अर्ध्या तासाची फेरी, इतकंच. दिवसभर काठावर उभ्या असलेल्या नावेला त्याने मदत होते, पण ‘पॅनेल लावलं की चार्जिंग विसरा’ असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

वायरिंगकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि मोटर ‘कमजोर निघाली’ अशा बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं. बॅटरी नावेच्या पुढच्या भागात, मोटर मागे, मध्ये तीन मीटर. वीज जाऊन परत येते, म्हणजे तांब्याची वाट सहा मीटर. महाराणी रोडवरून घरगुती ४ चौरस मिलिमीटरची वायर आणून जोडली, तर ५० अँपिअरला वायरीतच १.३ व्होल्ट मरतात. १२ मधले १.३, म्हणजे दहावा हिस्सा मोटरीपर्यंत पोचलाच नाही. तो वायर गरम करण्यात गेला. ६ ची वायर ०.९ व्होल्ट खाते, १० ची अर्धा व्होल्ट आणि १६ ची ०.३३. आमचा आग्रह १६ चौरस मिलिमीटरच्या लवचिक, बारीक तारांच्या तांब्याच्या केबलचा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सियागंजपासून सगळीकडे स्वस्तात मिळते. टोक खरवडून पाहा, आत पांढरं दिसलं तर ती घेऊ नका.

केबलच्या टोकांना लग, म्हणजे धातूची कडी, क्रिम्प करून (दाबून बसवून), नटाने आवळून जोडावं. चिमटे लावून मोटर चालवलेल्या बॅटरीकडे नीट पाहिलं तर कळतं काय होतं ते : टर्मिनलभोवतीचं काळं प्लास्टिक आधी मऊ पडून खाली बसतं, मग तपकिरी फुगे येतात आणि शिशाचा खुंटच एका अंगाला कलतो. कारण चिमट्याचे दात दोन-तीन ठिकाणीच टेकतात आणि त्या टोकांतून सगळे ५० अँपिअर जातात. पंखवाल्या नटाचंही तसंच. हाताने आवळलेला नट नावेच्या थरथराटाने ढिला होतो. पान्याने आवळायचा साधा षटकोनी नट लावावा.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात ब्रेकर हवाच : ४५ पौंडांपर्यंत ५० अँपिअर, ५५ ला ६० अँपिअर. आणि तो डीसीचा, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठीचा. घरातल्या एसी विजेच्या एमसीबीत ठिणगी विझते ती करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून. डीसीत तो कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे ठिणगी सहज विझत नाही आणि एमसीबी आतून वितळू शकतो. लाकडी नावेत याचा अर्थ आग. धन-ऋण उलटं जोडलं तर पीडब्ल्यूएम नियंत्रकाचं सर्किट तत्क्षणी जळतं. म्हणून लाल-काळ्या टेपवर न थांबता दोन टोकांना वेगवेगळ्या मापाचे लग लावावेत, म्हणजे अंधारात पहाटे चारलाही चूक होणार नाही. मासे दाखवणारं यंत्र असेल तर त्याला वेगळी छोटी बॅटरी द्या. मोटरीच्या बॅटरीवर ते पडद्यावर रेघोट्या दाखवतं. २४ व्होल्टच्या, ८० पौंडांच्या मोटरीला दोन बॅटऱ्या लागतात. त्या एकाच मापाच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात, आणि त्यातल्या एकीवरून दिवा किंवा मोबाईल चार्जर जोडू नये. लवकरच ती एक बॅटरी दुसरीलाही खाली ओढते.

दांड्याची लांबी. मोटर जिथे बसणार त्या फळीच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंत मोजा, नेहमीचं ओझं आणि माणसं नावेत असताना. पंख्याचा मध्य पाण्याखाली निदान ३० सेंटिमीटर हवा. कमी पडला तर पंखा वरून हवा ओढतो, गुरगुर आवाज येतो, फेरे वाढतात आणि रेटा नाहीसा होतो. फळी पाण्यापासून २५ सेंटिमीटरपर्यंत वर असेल तर ३० इंची दांडा पुरतो, ४० पर्यंत ३६ इंची, त्याहून उंच असेल तर ४२ इंची. लांब दांडा वर सरकवता येतो, आखूड वाढवता येत नाही.

आपल्याकडच्या कितीतरी लाकडी नावांना मागे सपाट फळीच नसते, दोन्ही टोकं निमुळती. तिथे मोटर बाजूला बसवावी लागते. काठाला आडवं सागाचं जाड फळकुट बोल्टने पक्कं करून त्यावर क्लॅम्प लावावा. नुसत्या काठाच्या पातळ पट्टीला लावला तर ती चिरते, कारण ५५ पौंडांची मोटर पाऊण मीटर खालून २५ किलोने रेटत असते. बाजूच्या मोटरीने नाव दुसऱ्या अंगाला वळत राहते, त्यासाठी मोटर जितकी मागे सरकवता येईल तितकी सरकवावी. क्लॅम्पचे स्क्रू दर फेरीला आवळा आणि मोटरीला नावेशी बांधणारी एक वेगळी दोरी ठेवा. तळाशी गेलेली मोटर परत मिळत नाही.

विकत घेण्याआधी चाचणी कशी करायची? प्रत्येक मच्छीमार समितीत मासळी तोलायचा आकड्याचा काटा असतोच. नाव काठच्या झाडाला बांधा, दोरीच्या मध्ये तो काटा अडकवा, मोटर पूर्ण वेगात चालवा. ३० पौंडांच्या मोटरीने साडेतेरा किलो दाखवले पाहिजेत, ४० ने १८, ४५ ने २०, ५५ ने २५, ८० ने ३६. पाणी कमरेहून खोल हवं, काठ मागे जवळ नको. त्याच वेळी डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर केबलवर लावा आणि व्होल्टेज दोन जागी मोजा, बॅटरीवर आणि मोटरीच्या टोकांवर. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर दोष वायरिंगचा. फरक नाही, करंट बरोबर, तरी काटा निम्मा, तर तेव्हाच मोटर परत करा. समित्यांनी एकत्र खरेदी करताना दरपत्रकात मोटरीबरोबर बॅटरी, चार्जर, केबलची जाडी आणि डीसी ब्रेकर हे सगळं लिहून घ्यावं, आणि ही काट्याची चाचणी खरेदीची अट म्हणून घालावी. यावर आम्ही ठाम आहोत.

नाव चालवताना जाळं हा मोटरीचा शत्रू आहे. जाळं सोडताना आणि ओढताना मोटर वर उचलून ठेवायचीच. जलकुंभी आणि शेवाळ असेल तिथे मागे कललेल्या पात्यांचा दोन पात्यांचा पंखा बरा, तो गवत बाहेर सरकवतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडालेली खोडं आणि दगड वर येतात. पंखा आपटला की त्याला दांड्याशी जोडणारी शिअर पिन तुटते, आणि ती तुटण्यासाठीच असते. तिच्या जागी खिळा ठोकू नका. पुढच्या वेळी खिळा टिकेल आणि आतला दांडा वाकेल. दोन जादा पिना, एक पंख्याचा नट आणि पाना नावेत ठेवा. वल्ही आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट तर हवंच. आणखी एक : ही मोटर आवाज करत नाही. महेश्वर-ओंकारेश्वरच्या घाटांवर डुबकी मारणाऱ्याला ती येताना ऐकू येत नाही. घाटाजवळ मोटर बंद, पंखा वर.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. हे दोन महिने मोटरीच्या निगराणीचे. पंखा काढून त्यामागे पाहा. बहुतेक वेळा तिथे गळाच्या नायलॉनचं वेटोळं सापडतं, केसासारखं बारीक, दांड्याभोवती इतकं घट्ट बसलेलं की नखाने निघत नाही. ते पाणी अडवणाऱ्या रबरी सीलच्या ओठात घुसतं, सील कापतं आणि पाणी आत शिरतं. पात्याने जपून कापून काढा. सीलजवळ दुधट तेल किंवा गंज दिसला तर मोटर चालवू नका, उघडून सील आणि कार्बन ब्रश तपासून घ्या. एलएफपी निम्मी भरून, जोडण्या सोडवून सावलीत ठेवा. शिशाची पूर्ण भरून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा चार्ज करा. रिकामी ठेवलेली शिशाची बॅटरी दोन महिन्यांत सल्फेटचा पांढरा थर धरते आणि परत तशी होत नाही. १६ ऑगस्टच्या पहिल्या फेरीआधी नाव झाडाला बांधून काट्याची चाचणी पुन्हा घ्या आणि आकडा वहीत लिहा. मागच्या वर्षीपेक्षा तो दोन-तीन किलोने उतरलेला असेल तर आधी लग आणि केबल पाहा, मग ब्रश, मग बॅटरी.

आपले,
दोन वाचक, इंदूर